गाल म्हणजे ताट नव्हे

माझं लग्न होऊन मी विंचूरहून एकलहऱ्याला पगाऱ्यांच्या घरात आले ते चौऱ्याण्णव साल. सासरे पुंजाराम वीजकेंद्रात कोळशाच्या खात्यात कामाला. त्यांना सगळे नाना म्हणायचे. सासूबाई भागीबाई, माझे मिस्टर चंदर आणि धाकटी नणंद रोहिणी, एवढी माणसं. पहिल्याच सकाळी मोरीत कुणीतरी आहे म्हणून मी बादली घेऊन बाहेर उभी राहिले. आत रोहिणी होती. आंघोळ करत नव्हती, तोंड धूत होती. साबण लावायची, घासायची, पाणी मारायची, की पुन्हा साबण. बाहेर आली तेव्हा गाल चोळून चोळून सुजल्यासारखे झालेले आणि त्यावर पुटकुळ्या तटतटलेल्या. मी बघतेय हे तिने बघितलं.

"वहिनी, काही उपाय सुचवायचा असेल तर आत्ताच सुचवून घ्या," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांचं झालंय."

खरंच सगळ्यांचं झालं होतं. शेजारणीने लिंबू चोळायला सांगितलं होतं, त्याने डाग पडले. मावशीने डाळीचं पीठ आणि दही सांगितलं. कुणी मुलतानी माती, कुणी चक्क टूथपेस्ट. रोहिणीचा रंग काळा. सावळा वगैरे नाही, काळाच. वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या बायका म्हणायच्या, "नाकीडोळी छान आहे हो," आणि तिथेच थांबायच्या. पुढचं कुणी बोलत नसे. त्या थांबण्याचा तिला भयंकर राग यायचा.

ती तेव्हा नाशिकरोडच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होती, केमिस्ट्री घेऊन. तिचं तोंड धुण्याचं वेड सुटलं ते नानांमुळे. नाना पाळी संपवून यायचे तेव्हा त्यांचे फक्त डोळे आणि दात दिसायचे. मोरीत जायच्या आधी ते वाटीभर गोडेतेल घेऊन बसायचे, तोंडाला, मानेला, हातांना चोळायचे, फडक्याने पुसायचे आणि मग साबण लावायचे. रोहिणीने एकदा विचारलं की आधी तेल कशाला. नाना म्हणाले, "कोळसा पाण्याला भीत नाय, तेलाला भितो."

नाना हे रोजच करायचे, पण तिने त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आली ती बोलतच आली. पाण्याने न निघणारा चिकट मळ तेल सैल करतं, आणि उरलेल्या तेलाला साबण पाण्याबरोबर वाहून नेतो. पण साबणाला नको असलेलं तेल कुठलं आणि कातडीचं स्वतःचं तेल कुठलं हे कळत नाही. तो दोन्ही ओढतो. शिवाय साबण अल्कधर्मी, म्हणजे सोड्याच्या जातीचा, आणि कातडी किंचित आंबट, त्यामुळे साबणाने धुतलं की कातडी बराच वेळ बिथरलेली राहते. "आणि मी ते दिवसभर करतेय," ती म्हणाली. मग स्वतःच सिव्हिल हॉस्पिटलला जाऊन कातडीच्या डॉक्टरांना दाखवून आली. त्यांनी सांगितलं की पुटकुळी म्हणजे घाण नाही, घासून जात नाही. दिवसातून दोनदाच धुवायचं आणि सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं औषध लावायचं. ते तेलात विरघळतं, म्हणून बुजलेल्या छिद्रात शिरून बूच मोकळं करतं.

वर्षभरात पुटकुळ्या गेल्या. डाग राहिले. रंग तर राहणारच होता. राग मात्र गेला नाही. आधी तो ती स्वतःच्या गालांवर काढायची, आता डब्यांवर आणि वेष्टनांवर काढायला लागली. दुकानात गेलो की साबणाची वडी उलटी करून बघायची. तेव्हा बऱ्याच वस्तूंवर आत काय आहे ते लिहिलेलंच नसायचं. मग दुकानदाराला विचारायची. दुकानदार म्हणायचा, ताई, वास घेऊन बघा ना.

सत्त्याण्णव साली तिला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरी लागली. तिथे दुसऱ्या कंपन्यांसाठी फेसवॉश आणि शाम्पू बनायचे. मालक खंडेराव थेटे, सायकलवर फिनेल विकून वर आलेला माणूस. रोहिणीचं काम तपासणीचं. फेस किती येतो, घट्टपणा किती, पीएच, म्हणजे आंबटपणा, किती.

पहिले काही महिने ती रात्री जेवताना आम्हाला सगळं सांगायची आणि आम्ही हसायचो. एका मोठ्या भांड्यात फेस आणणारा लगदा, त्याचं नाव एसएलईएस. तो एकटाच घातला तर चेहरा कोरडा ठाक पडतो, म्हणून त्याच्या जोडीला खोबरेल तेलापासून केलेलं बीटेन. ते फेसाची धार बोथट करतं. मग ग्लिसरीन, ते पाणी धरून ठेवतं. आणि हे सगळं पातळ दिसतं म्हणून शेवटी मीठ. "साधं मीठ, वहिनी. मीठ टाकलं की एकदम दाट होतं. बायका बोटाने दाबून म्हणतात, कसा घट्ट आहे, भारी दिसतो." त्यात हिरवा रंग आणि वास टाकला की कडुनिंबाचा फेसवॉश, पिवळा टाकला की हळदीचा. कडुनिंबाचा अर्क असायचा, पण भाजीत हिंग असावा तितकाच. तेव्हा तिला याचा राग नव्हता. धुण्याचं काम दोन्ही नळ्या सारखंच करतात आणि चांगलं करतात, असं ती म्हणायची.

त्याच सुमारास तिला कळवणचं एक स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर. चहापोहे झाले, आणि मुलाची आत्या म्हणाली की मुलीने जरा साबणाने तोंड धुऊन यावं, पावडर नाही ना तेवढं कळेल. सासूबाई खाली बघायला लागल्या. रोहिणी उठली, मोरीत गेली, तोंड धुऊन ओल्या तोंडाने येऊन बसली. मग पुन्हा उठली. बादली, तांब्या आणि स्वच्छ टॉवेल आणून तिने मुलाच्या पायाशी ठेवले.

"सर, आता तुम्ही."

मास्तर हसले, पण आत्याबाई चप्पल घालायला लागल्या होत्या. नाना त्यांना फाटकापर्यंत रीतसर पोचवून आले आणि खुर्चीवर बसत म्हणाले, "त्यांचे पोहे ऱ्हायलेत ते आण इकडं." त्या विषयावर ते एवढंच बोलले. रोहिणीने नंतर लग्न केलंच नाही. तिला कुणी विचारलं तर ती उलट विचारायची, तुमचं कसं चाललंय?

दोन हजार एक साली खंडेरावांनी ठरवलं की दुसऱ्यांसाठी खूप केलं, आता स्वतःचा माल. गोरं करणारा फेसवॉश, नाव लखलखी. रोहिणीने त्यांना सांगून बघितलं की धुण्याने माणूस गोरा होत नाही, मिनिटभरात तर ते पाण्याबरोबर वाहून जातं. ते म्हणाले, ते माझ्यावर सोडा, तुम्ही चांगला माल बनवा. तिने खपून बनवला. मऊ, कमी फेसाचा, ग्लिसरीन भरपूर. खंडेरावांनी तोंड धुऊन बघितलं आणि म्हणाले, काही जाणवतच नाही. मग त्यांनी परस्पर बदल केले. बीटेन महाग म्हणून निम्म्यावर आणलं. ग्लिसरीन नावापुरतं ठेवलं. एसएलईएसच्या जागी त्याचा दांडगा भाऊ एसएलएस घातला. नावात एका अक्षराचा फरक, पण हा कातडीला फार कडक. गार वाटावं म्हणून मेंथॉल आणि मोत्यासारखी चमक दिसावी म्हणून एक मेणचट पदार्थ. त्या दोघांचा धुण्याशी काही संबंध नाही. आणि नळीवर छापलं, "उत्तम परिणामासाठी दहा मिनिटे चेहऱ्यावर ठेवा."

रोहिणी त्यांच्या केबिनमध्ये गेली. म्हणाली, मिनिटभरात धुऊन टाकायची वस्तू आहे ही, दहा मिनिटं ठेवली तर कातडी सोलेल. खंडेराव रागावले नाहीत. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"मॅडम, बायकांना झोंबलं ना, की वाटतं काम चाललंय," ते म्हणाले.

हे वाक्य तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा जेवण तसंच राहिलं होतं.

नळ्या भरायच्या कामावर पेठकडची एक मुलगी होती, चांगुणा. घरच्यांबरोबर द्राक्षबागांच्या कामाला म्हणून डोंगरातून उतरली आणि कारखान्यात लागली. तोंड तिरकं बंद झालेल्या नळ्या कामगार बायका घरी न्यायच्या, तशी तिने नेली. नळीवर लिहिल्याप्रमाणे दहा मिनिटं, आणि लवकर फरक पडावा म्हणून दिवसातून तीनदा. आठवड्याने ती आली ती पदराने तोंड झाकून. गालांची साल निघाली होती. त्यावर ऊन लागलं आणि तिथे काळे चट्टे पडले. खंडेराव म्हणाले, एखादीला सोसत नाही, अ‍ॅलर्जी असते. मग आणखी दोघींना तसंच झालं. रोहिणीने तो माल पास करायला नकार दिला. दुसऱ्या कुणीतरी सही केली आणि माल गेला. चंदर म्हणाले, सोड ती नोकरी. ती म्हणाली, मी सोडली तर आत काय घालतात ते बाहेर कळणार कसं?

त्या दिवाळीत गंगापूर रोडला डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन होतं. लखलखीचा मोठा स्टॉल होता, आणि पांढरा कोट घातलेली केमिस्ट उभी असली की लोकांचा विश्वास बसतो म्हणून रोहिणीला तिथे उभं राहायला सांगितलेलं. तिने मला सोबत नेलं. आम्ही दुपारी पोचलो. स्टॉलच्या मागे माणसाएवढं पोस्टर लावलेलं होतं. उजवीकडे कुणी गोरी मुलगी हसत होती, खाली लिहिलं होतं "नंतर". डावीकडे "आधी". ती रोहिणी होती.

दसऱ्याला कारखान्यात मशीनची पूजा झाली तेव्हा सगळ्यांचा फोटो काढला होता. त्यातला तिचा चेहरा कापून मोठा केला होता. डाग नीट दिसावेत म्हणून आणखी गडद केला होता. स्टॉलवरची पोरं आमच्याकडे बघेनात. माझं डोकं फिरलं. मी पोस्टरचा कोपरा धरला होता, पण तिने माझा हात धरला.

"फाडू नका वहिनी. फाडलं तर फोटोच जाईल फक्त."

तिने पांढरा कोट घातला. शेजारच्या भांड्यांच्या स्टॉलवरून स्टीलची दोन ताटं आणली, पापडवाल्या बाईंकडून वाटीत तेल आणलं, आणि पोस्टरच्या शेजारी, बरोबर स्वतःच्या फोटोजवळ उभी राहिली. दोन-चार बायका पोस्टर बघून थांबल्या, मग तिला बघून आणखी थांबल्या.

"हो, हा फोटो माझाच आहे," ती म्हणाली. "मला न विचारता लावलाय. हा फेसवॉश माझ्या हाताखालून जातो. चार वर्षं त्या कारखान्यात आहे, नंतरचा चेहरा अजून आलेला नाही."

आधी कुणी हसलं नाही. मग मागून एक म्हातारी हसली आणि सगळ्याच हसल्या, आणि गर्दी वाढायला लागली.

तिने दोन्ही ताटांना तेल चोळलं. एकावर तिने तिच्या पर्समध्ये नेहमी डबीत असणारा, तिचा स्वतःचा मऊ फेसवॉश चोळून धुतला. बोट फिरवलं तर ताट स्वच्छ, पण किंचित गुळगुळीत. दुसऱ्यावर लखलखी. त्यावर बोट फिरवलं आणि ताट करकर वाजलं. तिने ते पुन्हा वाजवून दाखवलं. भांडं करकरलं की आपण म्हणतो छान निघालं, ती सांगत होती, कारण भांड्याला जीव नाही. "गाल म्हणजे ताट नव्हे. तोंड धुतल्यावर गाल ओढल्यासारखे झाले, करकरले, तर ते स्वच्छ झालेले नाहीत, सोलले गेलेत."

मग तिने एकेक नाव घेऊन सांगितलं. फेस कशाने येतो, आणि जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ हे खरं नाही. गार कशाने वाटतं. चमक कशाची. मीठ कशाला. एकीने विचारलं, मग आक्रोडाच्या कण्या असलेलं क्रीम? पुटकुळ्यांवर ते चोळणं म्हणजे जखमेवर वाळू चोळणं, ती म्हणाली. दुसरीने क्लिन्झिंग मिल्कचं विचारलं. ते पाण्यात घुसळलेलं तेल, ती म्हणाली, काजळ आणि मेकअप काढायला उत्तम, पण पुसून तसंच ठेवू नका, वरून धुवा. कुठल्याच मालाला ती उगाच नावं ठेवत नव्हती. ज्याचं जे काम ते सांगत होती. शेवटी लखलखीची नळी वर धरून म्हणाली की कुणी विकत घेतलीच असेल तर दहा मिनिटं ठेवू नका, लगेच धुवा, आणि झोंबलं तर पुन्हा लावू नका.

कुणीतरी निरोप दिला असणार. खंडेराव आले. गर्दीसमोर आवाज चढवायचा नाही एवढं भान त्यांना होतं. जवळ येऊन हळूच म्हणाले की मॅडम, बाहेर या, आपण ऑफिसात बोलू.

"मी यात खोटं काय बोलले तेवढं सांगा," रोहिणी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "ते आत्ता मागे घेते."

खंडेराव म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

"पोस्टर काढा. मग जाते."

ते पोरांकडे बघायला लागले, पण पोरं हलली नाहीत. बायका तर मुळीच हलल्या नाहीत. शेवटी खंडेरावांनी स्वतः स्टुलावर चढून खिळे काढले आणि पोस्टर गुंडाळून काखेत घेतलं. रोहिणीने कोट काढून घडी घातली, स्टॉलवर ठेवली, ताटं धुऊन परत केली, आणि आम्ही बसला उभ्या राहिलो. बसमध्ये मी तिचे हात माझ्या मांडीवर घेऊन बसले.

वकिलाची नोटीस आली. चंदर घाबरले, म्हणाले माफी मागून मोकळं होऊ. नाना तेव्हा रिटायर होऊन घरी होते. त्यांनी विचारलं, "खोटं बोलली का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग माफी कशाची?" नोटिशीला रोहिणीने उत्तर दिलं की कोर्टात मी तीच दोन ताटं घेऊन येईन. पुढे काही झालं नाही. पण अंबड आणि सातपूरच्या एकाही कारखान्याने तिला घेतलं नाही. मुलाखतीला बोलवायचे, नाव ऐकलं की जागा भरलेली असायची. दोन वर्षं तिने बारावीच्या मुलांच्या शिकवण्या केल्या. लखलखी नंतरही विकला गेला, काही काळ चांगला विकला गेला. पुढच्या खेपेच्या नळ्यांवर दहा मिनिटांची ओळ मात्र नव्हती. चांगुणाने नळी आणून दाखवली तेव्हा आम्हाला कळलं.

मी तोवर पार्लरचा कोर्स केला होता. दोन हजार तीनमध्ये आम्ही दोघींनी जेल रोडला एक खोली घेऊन पार्लर काढलं. चांगुणा कारखाना सोडून आमच्याकडे आली. भुवया कोरायला ती माझ्याआधी शिकली. तिचे चट्टे वर्षभरात फिके झाले, पुरते गेले नाहीत. पाटीवर आम्ही गोरेपणाचा शब्द घातला नाही. त्यामुळे सुरुवातीला निम्म्या बायका दारातून परत जायच्या. उजळ करणारं फेशियल नाही म्हणता, मग पार्लर कशाला काढलंत, असं विचारायच्या. रोहिणी म्हणायची, "तोंड नीट ठेवायला."

तिचा एकच आग्रह असायचा. जे काही वापरता ते घेऊन या. बायका पिशवीतून नळ्या आणायच्या. हळूहळू बऱ्याच नळ्यांवर घटक छापून यायला लागले होते, आणि ती दोन नळ्या शेजारी ठेवून वाचायला शिकवायची. जे जास्त ते आधी लिहितात. पहिल्या चार-पाच नावांतच सगळं येतं. चित्रातलं केशर पार शेवटी असतं. तेलकट तोंडाच्या कॉलेजातल्या मुलींना ती सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश सांगायची, तोही रोज नाही. कोरड्या कातडीच्या बायकांना कमी फेसाचा. एखादीला सरळ सांगायची की तुम्हाला साधा साबण सोसतो, तोच ठेवा. लहान पोरींच्या आयांना सांगायची, पाणी पुरे. काही दुखणं दिसलं तर हात न लावता डॉक्टरकडे पाठवायची. आमचं मोठं दुकान झालं नाही. पण खोली भरलेली असायची.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात उपनगरच्या एका बौद्ध कुटुंबातल्या मुलीचा नवरीचा मेकअप आमच्याकडे होता. मुलीचं नाव रोशनी, बँकेत कारकून, रंगाने रोहिणीसारखीच. रोहिणीने तिचं तोंड हलक्या फेसवॉशने धुतलं, टिपलं, आणि तिच्याच रंगाचा बेस काढून ठेवला. आईला तो पसंत पडला नाही. पांढरी साडी नेसायची आहे, त्यात पोर आणखी काळी दिसेल, चार छटा वर घ्या, असं त्यांचं म्हणणं. रोहिणी म्हणाली, मान आणि हात वेगळे दिसतील, आणि मी ते करत नाही. आईचा आवाज चढला. पैसे देऊन ऐकून का घ्यायचं, चल, धुऊन टाक, दुसरीकडे जाऊ, लग्नाची वेळ जवळ आलीय. मी मध्ये पडणार होते. मला वाटलं, एकीकडे तापलेली आई, दुसरीकडे रडकी नवरी, आज काही खरं नाही.

रोशनी रडत नव्हती. ती आरशात बघत होती.

"आई, मी इथून उठणार नाही," ती म्हणाली. "ताई, करा तुम्ही."

आई दाराशी जाऊन बसल्या. रोहिणीने काम केलं, मी केस बांधले, चांगुणाने गजरा माळला. मुलगी देखणी दिसत होती. आई शेवटी आत आल्या आणि त्यांनी तिच्या साडीची निरी नीट केली.

आम्ही हॉलवर गेलो. वंदना झाली, लग्न लागलं. फोटोग्राफर सारखा दिव्याची दिशा बदलत होता आणि रोशनीला दोनदा म्हणाला की मॅडम, जरा डार्क येताय. स्टेजखाली रोहिणी उभी होती. ती काही बोलायच्या आत रोशनीनेच त्याला जवळ बोलावलं.

"तशीच आहे मी," ती म्हणाली. "तुम्ही नीट काढा."